क्रियापद येईपर्यंत

सत्त्याण्णव साली माझा एसटीडी बूथ होता,
बेळगावात, नेहरूनगरला, मोठ्या दवाखान्यासमोर.
पिवळ्या बोर्डावर तीन लिप्यांत एकच शब्द,
त्यातली एक लिपी अधूनमधून कोणीतरी रात्री डांबरानं पुसायचं,
कधी ही, कधी ती.
काचेच्या आत स्टूल, लाल आकड्यांचा मीटर.
बाहेर मी, सुट्टे मोजत,
काही ऐकू येत नसल्यासारखा.

मंगळवारी लुव्सान यायचा. मंगोल भिक्षू,
छातीच्या दुखण्यासाठी मुंडगोडच्या मठातून आणलेला.
तिकडं त्याची आई घोड्यावरून पोस्टात येऊन बसायची.
शुक्रवारी सिस्टर मारिविक, कॅम्पातल्या कॉन्व्हेंटची, फिलिपिनी,
मुठीत नोटांची बारीक घडी.

मला दोघांचं ओ की ठो कळत नव्हतं.
मला मीटर कळायचा.

लुव्सान म्हणायचा: बी मार्गाश एम्नेल्गेस गार्न.
वहीच्या मागं मी त्याच्याकडून फोड लिहून घेतली:
मी. उद्या. दवाखान्यातून. निघेन.
अरे, हे आमच्यासारखंच की!
माझ्या बायकोचं गोकाकचं कन्नडही असंच,
आधी सगळं सामान गाडीत भरायचं, मग बैल जुंपायचे.
पण छाती अधू असली तर हे व्याकरण महाग पडतं.
मी, उद्या, दवाखान्यातून...
इथं त्याला हमखास खोकला यायचा.
आकडे पळायचे.
आणि आई तिकडं क्रियापदाची वाट बघत.

मारिविक उलटी.
कुमाइन ना आको. जेवले आता मी.
आधी जेवण, मागून जेवणारी.
काइन म्हणजे खाणं. त्याच्या पोटात उम घालायचं,
शेंगेत दाणा असतो तसं,
की झालं जेवून.
पहिल्याच पल्सला तिच्या आईचा जीव भांड्यात.

एकदा एक्स्चेंज बंद पडलं आणि दोघं एकाच बाकावर बसले.
नागप्पानं तीन कप आणले.
लुव्सान म्हणाला त्साइ, ती म्हणाली त्सा,
नागप्पा म्हणाला, पैसे कोण देणार?
मारिविकनं सांगितलं, आमच्यात 'आम्ही' दोन आहेत:
कामी, म्हणजे तू सोडून.
तायो, म्हणजे तुला धरून.
मी म्हटलं, सिस्टर, हे आमच्याकडंही आहे, आम्ही आणि आपण,
पण या गावात पहिलाच जास्त खपतो.
लुव्सानकडं एकच होता, बिद.
बायकोकडंही एकच, नाव.

त्या वर्षी दिवाळीआधी ती चिडली,
पोरांच्या हाताला धरून उंबऱ्यावर म्हणाली,
नाव होंटेवि.
निघालो आम्ही, की निघालो आपण?
शब्दावरून कळेना.
मी माझीही पिशवी भरली.
गोकाकपर्यंत एसटीत ती एक शब्द बोलली नाही,
पण तिकिटं साडेतीन तिनंच काढली.
मी मोजली. एक माझं होतं.

परत आलो तर लुव्सानची खाट रिकामी.
मठाची जीप येऊन गेली होती.
नागप्पानं बघितलं होतं, पुढच्या सीटवर बसून केळं खात होता.

मंगळवारी फोन वाजला.
बाईचा आवाज, लांबून, पाण्याखालून आल्यासारखा.
मी वही शोधली, पान शोधलं, ओरडलो:
लुव्सान! एम्नेल्गेस गारसन!
दवाखान्यातून निघाला!

तिकडं काहीच नाही.
मग माझ्या लक्षात आलं,
माणूस दवाखान्यातून दोन तऱ्हांनी निघतो,
मराठीत, कन्नडमध्ये, बहुतेक तिकडंही,
आणि क्रियापद एकच.

मीटर बंद होता, आलेल्या फोनला पैसे पडत नाहीत.
मी पानं उलटत राहिलो.
केळ्याला काय म्हणतात ते वहीत नव्हतं.
जीपला काय म्हणतात, तेही मी कधी विचारलं नव्हतं.